पाण्याच्या वाटेने रेडिंग ते बाथ

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या नकाशात पिवळ्या रस्त्यांवर मध्येच एखादा छोटासा बाण काढलेला असतो. गेल्या एप्रिलपर्यंत मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. पिवळा म्हणजे खेड्यापाड्यांतला अरुंद, कमी वर्दळीचा रस्ता, एवढंच मी वाचलं होतं. त्या भरवशावर एका रविवारी इंग्लंडमधल्या आमच्या रेडिंगच्या उत्तरेला, चिल्टर्न टेकड्यांत, एकटीच सायकल घेऊन गेले. चढ संपेचना. गुडघा कुरकुरायला लागला, उतरावं लागलं, आणि एका झाडाला सायकल टेकवून मी नकाशा पुन्हा उघडला. मी उभी होते बरोबर तिथे बाण होता. सूचीत पाहिलं: एक बाण म्हणजे सातास एक (सात फूट पुढे गेलं की एक फूट वर) ते पाचास एक इतका चढ. दोन बाण म्हणजे त्याहूनही उभा.

त्या दिवशी सायकल ढकलत परतताना फार वाईट वाटलं. पुण्यात माझी शाळा आणि कॉलेज सगळं सायकलवरच झालं. लग्नानंतर सायकल सुटली ती सुटलीच, मध्ये अठ्ठावीस वर्षं गेली. रेडिंगला येऊन अकरा वर्षं झाली तेव्हा कुठे, वयाच्या ५४ व्या वर्षी, इथल्या कौन्सिलच्या फुकट शिकवणीला जाऊन मी पुन्हा हॅंडल धरलं होतं. तोल पहिल्या पाच मिनिटांत आला. वेळ लागला तो उजवीकडे वळण्याआधी खांद्यावरून मागे बघून, हात दाखवून, रस्त्याच्या मधोमध यायला. एवढं शिकल्यावर पहिल्याच मोठ्या फेरीत हार मानायची, हे मनाला पटेना.

माझी भाची तेव्हा शिकायला आमच्याकडे राहत होती. तिने नकाशा जमिनीवर पसरला आणि म्हणाली, "मावशी, तू रस्ते कशाला शोधतेस? पाणी शोध. पाणी चढत नाही."

आमच्या घरापासून दीड मैलावर केनेट नदी थेम्सला मिळते. तिथून पश्चिमेला, आधी नदीच्या आणि मग कालव्याच्या कडेने, थेट बाथपर्यंत जाता येतं. केनेट अँड एव्हन कालवा. जॉन रेनी या अभियंत्याने आखलेला हा कालवा १८१० मध्ये पूर्ण झाला आणि लंडनकडून ब्रिस्टलकडे होड्यांनी माल जाऊ लागला. होड्यांना इंजिन नव्हतं, काठावरून घोडा चालायचा आणि दोराने होडी ओढायचा. त्या घोड्याची वाट म्हणजेच टोपाथ. जिथे जमीन चढते तिथे लॉक, म्हणजे दारं लावलेले पाण्याचे हौद. होडी आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं की होडी वर. रेडिंग ते ब्रिस्टल अशी १०५ लॉक आहेत. दोन लॉकच्या मधली वाट मात्र पाण्याइतकीच सपाट. माझ्या गुडघ्याला हवं होतं ते हेच, आणि दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी घोड्यांसाठी ते करून ठेवलं होतं.

मात्र लगेच निघालो नाही. मे ते ऑगस्ट आम्ही रविवार धरले. पहिल्या रविवारी थीलपर्यंत, मग ऑल्डरमास्टनपर्यंत, मग न्यूबरी. या कालव्याची मोठी सोय अशी की रेल्वेही त्याच खोऱ्यातून जाते, आणि रेडिंग ते बेडविन दर काही मैलांवर छोटं स्टेशन आहे. दमलं की लोकलमध्ये सायकल चढवायची आणि घरी यायचं. नव्याने सुरू करणाऱ्या कुणालाही मी हाच सल्ला देईन: परतीची गाडी जवळ असेल अशीच वाट निवडा. "आता इथून घरी कसं जायचं" ही धास्ती नसली की पाय दुप्पट चालतात.

त्या रविवारांत दोन गोष्टी कळल्या. माझ्या सायकलला २८ मिलिमीटरचे टायर होते, डांबरावर ते छान पळायचे, पण टोपाथच्या खडीवर आणि झाडांच्या मुळांवर मनगटं सुन्न व्हायची. ३८ चे घातले आणि सायकलच बदलल्यासारखी वाटली. दुसरी गोष्ट घंटीची. टोपाथवर पायी चालणाऱ्याचा मान पहिला. पुलाखालची कमान आली की वेग कमी करायचा, दोनदा हलकेच घंटी वाजवायची आणि समोरचा बाजूला झाला तर तोंडाने आभार मानायचे. मासे धरणारे लोक आपली कित्येक मीटर लांब काठी वाटेत आडवी टाकून बसतात. ते काठी मागे ओढून घेईपर्यंत पाय टेकून थांबायचं. घाई असलेल्या माणसासाठी ही वाट नाहीच.

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि पुढच्या आठवड्यात, सप्टेंबरच्या मध्याला, आम्ही दोघी निघालो. तीन दिवस धरले: पहिला मुक्काम हंगरफर्ड, दुसरा डिव्हायझिस, तिसऱ्या दिवशी बाथ. मिळून सुमारे ८० मैल. सवयीचे सायकलवाले हे अंतर एका दिवसात कापतात. बॅगेत दोन दोन कपडे, पंक्चरचं सामान, धपाट्यांची चळत आणि शेंगदाण्याचे लाडू.

थीलजवळचं गार्स्टन लॉक मला सगळ्यांत जास्त आवडतं. बाकीच्या बहुतेक लॉकच्या भिंती विटांच्या किंवा दगडी असतात, याच्या वरच्या कडा मातीच्या आणि गवताळ आहेत. केनेट नदीवरचं हे जलमार्गाचं काम १७२३ मधलं, म्हणजे कालव्याच्याही आधीचं. तेव्हा लॉक असंच बांधत. पाणी उतरलं की ओल्या मातीतून लोंबणारं गवत दिसतं, आणि हौद कसला, ओढ्याची घळच वाटते. थोडं पुढे काठावर काँक्रीटच्या सहाकोनी खोल्या लागतात, भिंतींत बंदुकीपुरत्या फटी. १९४० मध्ये जर्मन फौज उतरलीच तर तिला इथे अडवायचं म्हणून या कालव्याच्या रेषेवर संरक्षणाची फळी उभारली होती. आता त्यांच्यावर ब्लॅकबेरीच्या काटेरी वेली चढल्या आहेत. आम्ही ओंजळभर ब्लॅकबेरी तिथेच उभ्याने खाल्ल्या.

वूलहॅम्प्टनच्या पुढे एका वळणावर मी इतक्या जोरात ब्रेक लावला की भाची मागून आदळता आदळता राहिली. काठावर तेरडा होता. आपल्या तेरड्यापेक्षा कितीतरी उंच, माझ्या डोक्याच्याही वर, पण तीच फुलं, तोच गुलाबी, तीच पिचकणारी देठं. आठच दिवसांपूर्वी घरी गौरी बसवल्या होत्या, आणि तेरडा कुठून आणायचा म्हणून दुकानातल्या फुलांवर भागवलं होतं. मी हात पुढे केला, एका फुगीर शेंगेला बोट लावलं. ती टचकन फुटली आणि बिया दोघींच्या अंगावर उडाल्या. लहानपणी आमच्या परसात आम्ही हाच खेळ खेळायचो.

पण मी तो घरी नेला नाही, आणि याचं कारण सांगायला हवं. हा हिमालयन बाल्सम, आपल्या तेरड्याचाच नातलग. १८३९ मध्ये बागेची शोभा म्हणून हिमालयातून इंग्लंडला आणला. त्याच्या शेंगा सात मीटरपर्यंत बिया फेकतात, बिया पाण्यातून वाहत जातात, आणि नदीकाठची इथली मूळची झाडंझुडपं त्याच्या सावलीत मरतात. हिवाळ्यात हा स्वतः वाळून जातो आणि काठ उघडे पडतात, माती ढासळते. इथे तो रानात लावणं कायद्याने गुन्हा आहे. जून-जुलैमध्ये, शेंगा धरायच्या आत, स्वयंसेवकांच्या टोळ्या तो उपटायला येतात. मला तो पाहून आनंद झाला हेही खरं आणि पुढच्या उन्हाळ्यात मी उपटायला जाणार आहे हेही खरं. आम्ही मडगार्डमधला चिखल आणि बिया तिथेच काडीने खरवडून काढल्या, आमच्या चाकांनी त्या पुढच्या गावी जायला नकोत.

हंगरफर्डच्या मुक्कामाबद्दल थोडक्यात. फोनवर "सायकली आत ठेवता येतील" असं सांगितलं होतं. पोचल्यावर कळलं की आत म्हणजे मागच्या उघड्या अंगणात, जिथे कुणीही येऊ शकतं. रात्रभर मला धड झोप लागली नाही. सायकली शाबूत राहिल्या, पण तेव्हापासून मी "कुलूपबंद खोली आहे का" असा नेमका प्रश्न लिहून विचारते आणि लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे भरत नाही.

दुसरा दिवस टोपाथचा नव्हता. न्यूबरीच्या पुढे डिव्हायझिसपर्यंत टोपाथ बऱ्याच ठिकाणी नुसती गवताची पायवाट आहे, म्हणून राष्ट्रीय सायकल मार्ग क्रमांक ४ तिथे आजूबाजूच्या पिवळ्या रस्त्यांवरून नेला आहे. निळी पाटी, तिच्यावर सायकल, आणि लाल चौकोनात ४. लंडनपासून वेल्सच्या पश्चिम टोकापर्यंत हाच आकडा सोबत येतो. या मार्गांचं जाळं सस्ट्रान्स या संस्थेने उभं केलं, १९९५ मध्ये लॉटरीच्या निधीतून त्याला मोठी मदत मिळाली. २०२० मध्ये त्यांनीच एक धाडसी गोष्ट केली: लहान मुलाला सुरक्षित वाटणार नाही अशा वर्दळीच्या रस्त्यांवरून जाणारा, जाळ्याचा जवळपास पाव हिस्सा कमी केला किंवा त्याचा दर्जा बदलला. स्वतःच्या कामातलं कच्चं होतं ते स्वतः खोडलं, याचं मला फार मोल वाटतं.

नकाशा मी आदल्या रात्रीच बोटाने तपासला होता, ऑर्डनन्स सर्व्हेच्या लँडरेंजर मालिकेतले १७४ आणि १७३ नंबर. बाण नव्हते, पण चढउतार होते. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच कुंपणाची झाडी, मध्ये एका गाडीपुरता रस्ता. समोरून पेंढ्याचे गठ्ठे लादलेला ट्रॅक्टर आला की झाडीला पाठ लावून उभं राहायचं. एकदा माझी पोटरी नेटलला घासली. हे खाजऱ्या पानांचं झुडूप इथे वाटेवाटेवर असतं, लागलं की आग आग होते. भाचीने शेजारीच उगवलेलं डॉकचं रुंद पान चुरगळून लावलं, इथल्या पोरांचा हाच उपाय. दहा मिनिटांनी बरं वाटलं, पानामुळे की वेळामुळे कोण जाणे.

क्रॉफ्टनला थोडी वाट वाकडी केली. तिथल्या पंपघरात १८१२ चं वाफेचं इंजिन मूळ जागी आहे आणि आजही ते मूळ काम करू शकतं, म्हणजे खालच्या तळ्यातलं पाणी उपसून कालव्याच्या सर्वांत उंच भागाला पुरवायचं. त्या दिवशी बॉयलर पेटलेला नव्हता. पण दारात उभं राहून मला भाचीच्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग सापडला. पाणी आपणहून चढत नाही, ते कुणीतरी चढवलेलं असतं. रोजचं काम आता विजेचे पंप करतात.

वूटन रिव्हर्सच्या अलीकडे मागचं चाक बसलं.

पंक्चर. इथे ऋतूचा संबंध आहे. पाखरांची घरटी मोडू नयेत म्हणून १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेतकऱ्यांनी कुंपणाची झाडी छाटायची नसते. सप्टेंबर लागला की छाटणी सुरू होते आणि हॉथॉर्नचे काटे रस्त्यावर पसरतात. भाची फोनवर व्हिडिओ शोधायला लागली. मी म्हटलं, "ठेव तो. मला येतं."

वडिलांनी शिकवलेलं. सायकल उलटी केली, चाक काढलं, टायरची कड पान्याने उचलून ट्यूब बाहेर ओढली. आमच्या घरी यासाठी न्हाणीघरातलं घमेलं असायचं, इथे कालवा होता. वीस पावलांवर लॉकच्या वरच्या अंगाला मी गुडघे टेकले, हवा भरलेली ट्यूब पाण्यात धरली आणि हळूहळू फिरवत नेली. व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर बारीक बुडबुड्यांची एक सरळ ओळ वर आली. बोटाने ती जागा दाबली, तिथेच पेनाने फुली मारली. मग ट्यूब पुसून, पॉलिश पेपरने खरवडून, सोल्युशन लावून, फुंकर घालत ते चिकट होईपर्यंत थांबायचं. ओल्यावर ठिगळ बसत नाही, इथेच सगळे घाई करतात. तोवर टायरच्या आतून अंगठा फिरवला आणि काटा सापडला, तांदळाच्या दाण्याएवढा, काळपट. तो न काढता नवी ट्यूब घातली असती तर दुसऱ्या मैलावर तीही गेली असती.

ठिगळ सुकेपर्यंत भाची चर्चच्या घड्याळाकडे बघत बसली होती. "मावशी, यावर आकडे नाहीत." खरंच नव्हते. एका तबकडीवर बारा आकड्यांच्या जागी इंग्रजीत 'ग्लोरी बी टू गॉड' ही बारा अक्षरं आहेत. १९११ च्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने गावातल्याच एका कारागिराने गावकऱ्यांनी दिलेल्या भंगारातून ते घड्याळ बनवलं. आम्ही निघालो तेव्हा काटा कुठल्या अक्षरावर होता ते आता आठवत नाही, पण चाकात हवा टिकली होती.

पुढचं प्यूझीचं खोरं मी कधी विसरणार नाही. वूटन रिव्हर्सपासून डिव्हायझिसपर्यंत १५ मैल कालव्याला एकही लॉक नाही. उत्तरेला खडूच्या टेकड्या, कापणी झालेली पिवळी शेतं आणि ऑल्टन बार्न्सच्या वरच्या उतारावर पांढरा घोडा. गवत काढून खालचा खडू उघडा केलेला, १८१२ मधला. तो तासभर आमच्याबरोबर होता. रस्ता वळला की नाहीसा व्हायचा, पुन्हा वळला की थोडा मोठा होऊन दिसायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. डिव्हायझिसच्या पश्चिमेला केन हिल आहे. दोन मैलांत २९ लॉक, २३७ फूट उतार, त्यातली १६ लॉक एका सरळ रेषेत टेकडीच्या अंगावर, पाण्याचा जिनाच. वर उभं राहिलं की दारं लोटायच्या, पांढऱ्या टोकांच्या काळ्या दांड्या एकीखाली एक धुक्यात उतरताना दिसतात. सगळी लॉक पार करायला होडीला पाच-सहा तास लागतात. एक जोडपं नुकतंच वरून खाली निघालं होतं. बाई दांडीला पाठ लावून दार लोटत होत्या, मी सायकल टेकवून दुसरी दांडी लोटायला गेले. दार आधी हलतच नाही. जोर लावून चालत नाही, भार टाकून वाट बघायची. पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखी झाली की इतकं जड दार आपसूक सुटतं.

हा कालवा मेलाच होता. १८५२ मध्ये तो रेल्वे कंपनीने विकत घेतला, माल रेल्वेवर गेला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत केन हिलची लॉक कोरडी पडून त्यात झाडं उगवली होती. लोकांनी सह्या गोळा केल्या, पैसे गोळा केले, सुट्टीच्या दिवशी गाळ उपसला. तीस-चाळीस वर्षं हे चाललं. १९९० च्या ऑगस्टमध्ये राणीच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला. आपण ज्या वाटेवर मजेत पायडल मारतो ती कुणाच्या तरी रविवारांनी बनली आहे, हे त्या दाराला पाठ लावल्यावर मला जास्त कळलं.

तिथून बाथपर्यंत टोपाथ चांगला रुंद आणि पक्का आहे. काठाला राहत्या होड्यांची रांग: छपरावर लाकडं, कुंड्या, एखादी सायकल, धुरांड्यातून लाकडाच्या धुराचा वास. होडी बांधायला कायमची जागा नसलेल्यांना एका जागी चौदा दिवसांहून जास्त राहता येत नाही, होडी पुढे न्यावी लागते. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला चौदाव्या शतकातलं धान्याचं कोठार पाहिलं, शाफ्ट्सबरीच्या मठासाठी बांधलेलं. आत शिरलं की छताची लाकडं उलट्या जहाजासारखी दिसतात. उरलेले धपाटे त्याच्या बाहेर संपवले.

डंडस जलसेतूवर कालवा एव्हन नदीच्या आणि रेल्वेच्या वरून जातो. पाण्यावरून पाणी. मी पाहिलं होतं ते फोटोत, पण माझं लक्ष वेधलं ते पुढच्या एका साध्या पुलाने. कमानीच्या कोपऱ्यावरच्या दगडात खोल, गुळगुळीत खाचा होत्या, माझं बोट पूर्ण बसेल एवढ्या. ओल्या, वाळूचे कण चिकटलेल्या दोराने, घोड्यामागून घोडा जाऊन, पडलेल्या. आमच्या गावच्या विहिरीच्या काठावर पोहऱ्याच्या दोराने अशाच खाचा पडल्या आहेत. भाचीला दाखवल्या. तिने एकेक खाच मोजली, नऊ भरल्या.

दुपारी चारला बाथ. गाडीत सायकलींची जागा आधीच राखून ठेवली होती, लांब पल्ल्याच्या गाडीत ती मोजकीच असते. चाळीस मिनिटं हातात होती. फलाटावर बसून भाचीने १७२ नंबरचा नकाशा उघडला. बाथपासून ब्रिस्टलला जाणारी १३ मैलांची सायकलवाट दिसली, बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर १९७९ पासून स्वयंसेवकांनी बांधत नेलेली. दक्षिणेला जुन्या रेल्वेचा बोगदा, २०१३ पासून सायकलींना खुला, १६७२ मीटर लांब. गाडीलाही चढ झेपत नाही, म्हणून या वाटाही सपाट.

मी बोट ठेवलं आणि बाण शोधत ब्रिस्टलपर्यंत नेलं. भाची तोवर फोनवर ऑक्टोबरचे शनिवार बघत होती. "दुसरा मोकळा आहे," ती म्हणाली. "पण दिवे लागतील गं मावशी, बोगद्यासाठी."